बोर्डावरून काढलेला माणूस

मीनलचं डोकं फिरलं ते नवऱ्याने बोर्डावरचा फोटो काढून टाकला म्हणून नव्हे, तर काढून झाल्यावर तो खुशाल शीळ घालू लागला म्हणून.

पद्माकरराव सिंगापुरात सेरंगूनमधल्या त्यांच्या ब्लॉकच्या रहिवासी समितीचे अध्यक्ष. मलय-चिनी दंगलीला चाळीस वर्षं झाली म्हणून यंदाच्या वांशिक सलोखा दिनाला खासदार येणार होते, आणि ब्लॉकखालच्या मोकळ्या जागेत जुन्या रहिवाशांच्या आठवणींचं प्रदर्शन मांडलं होतं. आठवणी गोळा करायचं काम मीनलकडे, कारण अध्यक्षांची बायको म्हणजे फुकटची सेक्रेटरी.

सातव्या मजल्यावरच्या रोकियाआजी तिच्याशी चार दिवस बोलल्या होत्या. चौसष्टच्या जुलैत पैगंबरजयंतीच्या मिरवणुकीला त्यांचे वडील, अब्दुल करीम, नवी टोपी घालून गेले. दंगल पेटली आणि ते परत आलेच नाहीत. शेजारच्या चिनी दुकानदाराने रोकिया आणि तिच्या भावंडांना तांदळाच्या पोत्यांमागे दडवलं, म्हणून पोरं वाचली. पद्माकररावांनी दुकानदार ठेवला आणि वडील फोटोसकट गाळले. ते काटछाट केलेलं पान टाईप कोणी केलं? मीनलनेच. घरात कटकट नको म्हणून मुकाट्याने केलं, आणि आता तिला स्वतःचीच चीड येत होती.

"अहो, त्यांच्या घरातला माणूस गेलाय," ती म्हणाली.

"म्हणूनच तर. संवेदनशील विषय आहे. आपण इथे आलो चौऱ्याण्णव साली. आपण कशाला गाडलेली मढी उकरायची?"

मढी! मीनलच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"गेल्या महिन्यात मामंजींचं श्राद्ध केलंत. पुण्याहून आणलेली मंत्रांची कॅसेट लावून. कावळा घासाला शिवेना म्हणून बाराव्या मजल्यावरच्या खिडकीत तासभर ताटकळलात. पक्ष्यांना खायला घालू नका, ही खालची नोटीस तुमच्याच सहीची! तुमचा बाप तो बाप, आणि त्यांचा बाप संवेदनशील विषय?"

"ते वेगळं."

"काय वेगळं?"

पद्माकरराव माइक तपासायला निघून गेले.

तेवढ्यात रोकियाआजी आल्या. बाजू कुरुंग हा मलय पोशाख कडक इस्त्री करून घातलेला, सोबत लेक. त्यांनी बोर्ड सगळा वाचला, मग पहिल्यापासून पुन्हा वाचला.

"मीनल, माय फादर व्हेअर?"

पद्माकरराव लगबगीने आले. "आँटी, टुडे हॅपी डे, लाह!" हे सिंगापुरी शेपूट, 'लाह', त्यांना फक्त समितीच्या कामातच सुचायचं.

रोकियाआजी भांडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी नुसता हात पुढे केला. फोटो परत हवा होता, वडिलांचा तेवढा एकच होता त्यांच्याकडे. पद्माकररावांनी तो आजींच्याच लिफाफ्यातून काढून दिला, वर लिफाफा स्वतःकडे ठेवला. एवढा निगरगट्टपणा!

खासदार आले. स्वागत मीनलनेच करायचं होतं. ती माइकपाशी गेली, हातातला स्वागताचा कागद घडी करून पर्समध्ये टाकला आणि रोकियाआजींची आठवण सांगितली. अख्खी. मिरवणूक, टोपी, अब्दुल करीम हे नाव, आणि मग तांदळाची पोती.

खुर्च्यांवरचं कुजबुजणं थांबलं. खासदार उठले, पद्माकररावांचा हात हातात घेऊन म्हणाले, "असं सांगायला धीर लागतो. शाबास तुमच्या समितीची."

आणि हा माणूस चक्क लवला! "थँक यू सर. आमची कमिटी इतिहास विसरत नाही."

बस. मीनलने माइक पुन्हा उचलला.

"ही आठवण यांनीच काढून टाकली होती," ती इंग्रजीत म्हणाली. "आणि काटछाट केलेलं पान मी टाईप केलं. रोकियाआजी, आम्हाला माफ करा."

तिला वाटलं, आजी आता आपल्याला जवळ घेतील. आजी उठल्या, पण तिच्याजवळून सरळ पुढे गेल्या आणि पद्माकररावांसमोर फोटो धरला.

"सॉरी नंतर," त्या म्हणाल्या. "तुम्ही काढलात. तुम्ही लावा."

पद्माकररावांनी खासदारांकडे पाहिलं. खासदारांनी त्यांचा हात सोडला.

अध्यक्ष सगळ्यांदेखत बोर्डापाशी गेले. पहिली टाचणी वाकली. दुसरी त्यांनी खालच्या कोपऱ्यात, चहाच्या टेबलामागे फोटो झाकला जाईल अशा जागी टोचायला घेतली.

"वर," रोकियाआजी म्हणाल्या. "आणखी वर."