भिंतीवरची उलटी घरं

राजाने समुद्रापलीकडून हुकूम धाडला, गावाचा नकाशा पाठवा. एवढा मुलूख गिळलाय की पोटात काय काय गेलं ते आता आम्हालाच विचारायची पाळी. नकाशा रंगवला माझ्या धाकट्या भावाने, बाल्तासारने. आमच्यात नकाशा जमिनीवर पसरतात, चारी बाजूंनी माणसं बसतात आणि ज्याला त्याला आपल्या बाजूची घरं सरळ दिसतात. आमची झऱ्याकडची वस्ती उत्तरेला.

अंमलदार डॉन खिनेसनी तो सरळ भिंतीवर ठोकला. झालं, आमची घरं डोक्यावर उभी. दुसऱ्या दिवशी कचेरीत बोलावणं आलं.

"तुमची वस्ती कोसळलेली आहे," ते म्हणाले. "जमीन ओसाड. तिथं आमचे मेहुणे डॉन लोपे मेंढ्या पाळतील."

"सरकार, मी तिथूनच आलेय. चुलीवर मका ठेवलाय."

"नकाशात तुझी चूल दिसत नाही."

"तुमची मिशीही दिसत नाही त्यात."

"जीभ आवर, म्हातारे. नकाशा खोटं बोलत नाही."

बाल्तासारने समजावलं की हा खाली ठेवून बघायचा. अंमलदार हसले. "राजा जमिनीवर बसेल? तो काय दाणे निवडायला बसलाय?"

माझं डोकं फिरलं. साथीत नवरा गेला, दोन लेकरं गेली, तरी ते शेत मी पडीक टाकलं नाही. आणि या बाबाने चार खिळ्यांत ते ओसाड करून टाकलं. हातच्या काकणाला आरसा कशाला म्हणतात, इथं काकणवालीच समोर उभी होती.

मी खिळे उपटले, नकाशा फिरवला आणि पुन्हा टोचला. आता आमची घरं सरळ झाली, अंमलदारांचा सज्जेवाला वाडा खाली डोकं वर पाय.

"अगंबाई," मी म्हटलं, "सरकार, तुमचंच घर पडलं की."

ते तोंड उघडणार तोच शेजारी बसलेले डॉन लोपे खुर्चीतून उठले. बहिणीकडे जेवायला म्हणून आले होते, त्याला तीन महिने झाले. झरा त्यांनी अजून पाहिला नव्हता, वाडा मात्र कोपरान्‌कोपरा पाहिला होता.

"दाजी, मला हीच जागा द्या. विहीर अंगणात, बाजार दाराशी."

"लोपे, ते माझं घर आहे."

"पण कोसळलंय ना. नकाशा खोटं बोलत नाही म्हणालात."

"अरे, तुझी बहीण राहते त्यात."

"तिला ठेवून घेईन मी."

डॉन खिनेसनी नकाशा स्वतःच्या हाताने उतरवला आणि फरशीवर पसरला. बाल्तासारने चटई टाकली. तलवार आडवी येत होती, ती सोडून ते कसेबसे मांडी घालून बसले. मेंढ्यांचा अर्ज त्यांनी तिथेच फाडला. डॉन लोपे रुसून जेवायला गेले.

मी उत्तरेच्या बाजूला बसले. माझं घर सरळ होतं. डोळ्यांत पाणी आलं, ते मी येऊ दिलं.

मग नकाशाची गुंडाळी झाली, राजाकडे जाणाऱ्या पेटीत गेली.

"सरकार," मी विचारलं, "तिकडे राजाला खाली बसायला कोण सांगणार?"

ते तलवार बांधत राहिले.

राजाचा पुढचा हुकूम यायच्या आत, त्या वर्षी मी पेरणी लवकर उरकली.