न झालेली लढाई

बुरुजाचं टोक चादरीतून वर येत होतं, म्हणून अर्लीनने चादर काढून पुन्हा सैल पांघरली. डेलने दोन्ही बाजूंना उशा लावून दिल्या. आता कुणी पाहिलं असतं तर तळघराच्या कोपऱ्यात इस्त्रीचे कपडे रचून ठेवलेत, एवढंच वाटलं असतं.

"साखळी एकदा ओढून बघू?" डेलने विचारलं.

"सकाळपासून ओढतोच आहेस."

"थंडीत लाकूड आखडतं."

बाहेर अमेरिकेतल्या मॅनिटोवॉक गावालगतचं सरोवर काठाला गोठलं होतं. हिवाळाभर नवराबायकोने तो किल्ला उभा केला होता. थर्माकोलच्या भिंतींवरचा एकेक दगड अर्लीनने चमच्याच्या दांड्याने कोरला होता, आणि दारापुढचा उचलता पूल डेलचा. मेपलच्या फळ्या, पितळेची साखळी. सोडली की पूल धाडकन खाली यायचा. अर्लीनच्या खेळाला डेल कायम 'बाहुल्यांचा खेळ' म्हणत आला होता आणि एकदाही टेबलाशी बसला नव्हता. पण पूल झाल्यापासून त्याचा नूर पालटला. चर्चमध्ये त्याने ज्याला त्याला ऐकवलं होतं, "या शनिवारी माझा पूल पडतोय."

खेळ साधा होता. एक शनिवार सोडून दुसऱ्या शनिवारी, दुपारची जेवणं उरकली की तिघं जण यायचे. प्रत्येकाने एकेका पात्राचं सोंग घेतलेलं. समोर काय आहे ते अर्लीन सांगायची. खानावळवाल्यापासून राणीपर्यंत बाकी सगळ्यांच्या तोंडून तीच बोलायची, आणि घडेल की नाही अशी शंका आली की फासे टाकायचे. शाळेच्या नाटकांना लागणाऱ्या वस्तू बनवण्यात तिची हयात गेली होती. नुसतं सांगितलेलं कानावरून जातं, हातात दिलेलं राहतं, हा तिचा अनुभव. म्हणून तिच्या खेळातल्या जळक्या पत्राला खरोखर धुराचा वास यायचा आणि नाणी व्हिनेगरमध्ये मुरवून काळवंडलेली असायची.

कॉनी आणि वेस आले, पाठोपाठ लाइल. लाइल जहाजांच्या कारखान्यात वेल्डिंग करायचा. अंगाने दांडगा, तोंडाने मुका म्हणावा इतका अबोल. दोन वर्षं तो टेबलाच्या टोकाला बसत होता आणि त्याच्या योद्ध्याचं एकच वाक्य ठरलेलं होतं, "मी मारतो."

त्या दुपारी खेळात त्यांच्या फौजेचा तळ राणीच्या किल्ल्यासमोर पडला होता. भांडण नदीच्या पाण्याचं, तिच्यावरच्या बांधाचं आणि गिरणीचं. राणीचा एक पहारेकरी रात्री हाती लागला होता. अर्लीनने त्याची चामड्याची थैली टेबलावर ठेवली. कॉनीने ती उपडी केली. दोन नाणी, एक किल्ली, वाळका पाव, आणि लहान मुलाचा लोकरीचा एकच हातमोजा.

"किल्ली माझी," कॉनी म्हणाली. "आणि पुढचं लाइलला कशाला विचारायचं? तो मारणार."

हातमोजा अर्लीनने आयत्या वेळी कोंबला होता, थैली भरल्यासारखी दिसावी म्हणून. लाइलने तो उचलला. त्याची दोनच बोटं आत गेली. ती तशीच ठेवून तो बसून राहिला.

डेल भाजलेल्या ब्राट सॉसेजची ताटली घेऊन खाली आला आणि जिन्याच्या पायरीवर बसला. ताटली मांडीवर, नजर चादरीवर. अर्लीन उठली. तिने चादरीचं टोक चिमटीत धरलं.

"सकाळ होते," ती म्हणाली. "धुकं विरतं, आणि तुमच्या समोर..."

"थांबा," लाइल म्हणाला.

सगळे त्याच्याकडे वळले.

"मी दरवाज्यापाशी जातो. एकटा. तलवार इथेच ठेवून."

"बरा आहेस ना रे?" कॉनीने विचारलं.

"राणीला बोलवा."

अर्लीनने चादर सोडली. ती खुर्चीत बसली, पाठ ताठ केली, हनुवटी उचलली. "कोण तू?"

"तुमचा माणूस आमच्याकडे आहे. जिवंत आहे." लाइलने हातमोजा वर धरला. "हा त्याच्याजवळ होता. दुसरा कुठे आहे मला माहीत नाही, पण ज्याच्या हातात असेल ते पोर तुमच्या भिंतीच्या आत आहे. आम्ही आत शिरलो तर मध्ये कोण आलं ते मला दिसणार नाही. मला कधीच दिसत नाही. मी पुढे असतो आणि मारत जातो." तो थांबला. "बांध तुमच्या बाजूला ठेवा. गिरणी आम्हाला द्या. उन्हाळ्यात पाणी निम्मं निम्मं. तुम्ही शब्द मोडलात तर मी परत येईन, पण आज मला यायचं नाही."

अर्लीनच्या हाताशी फासे होते. राणी हसली, एवढं एक वाक्य पुरे होतं. लढाई पेटली असती, पूल पडला असता, आणि लाइलसुद्धा तक्रार न करता तलवार घेऊन पुढे झाला असता. तिने जिन्याकडे पाहिलं. डेलचा काटा ब्राटमध्ये टोचून तसाच राहिला होता. त्याच्या चेहऱ्यावरून तिला काही उमजलं नाही.

तिने फासे बाजूला सारले.

"राणी हातमोज्याकडे बघते," ती म्हणाली. "मग ती हात पुढे करते."

लाइलने हातमोजा तिच्या तळव्यावर ठेवला. कॉनी रुमाल शोधू लागली. अर्लीन इतकी वर्षं खेळ चालवत होती, पण आपण बनवलेल्या वस्तूचं कुणी असं काही करील हे तिच्या स्वप्नातही आलं नव्हतं. गिरणीची म्हणून एक वेगळी किल्ली राणीने स्वतःच्या हाताने दिली.

निघताना वेसने विचारलं, "चादरीखाली काय आहे?"

"इस्त्रीचे कपडे," अर्लीन म्हणाली.

डेल ताटल्या घेऊन वर गेला. रात्रीच्या जेवणाला तो हवेबद्दल बोलला, सुपाबद्दल बोलला. पुलाचा विषय त्याने काढला नाही, आणि तिचीही काढायची छाती झाली नाही.

रविवारी प्रार्थनेनंतर चर्चच्या तळघरात कॉफी होती. लाइलचा बाप नॉर्बर्ट लांबूनच कप हलवत आला. 'आमच्या थोरल्याला जीभ आहे, पण त्यावर ठेवायला काही नाही,' असं चारचौघांत म्हणणारा माणूस.

"काय डेल, पडला का तुझा पूल?"

अर्लीनने मान खाली घातली. डेल साखर ढवळत राहिला.

"नाही पडला."

"म्हणजे ऐन वेळी अडकला."

"पूल झकास आहे. तुझ्या पोरानं लढाईच होऊ दिली नाही."

"लाइलनं? काय केलं त्यानं?"

"बोलला."

"आमचा लाइल?"

डेलने कप खाली ठेवला आणि सांगायला लागला. पहारेकरी, हातमोजा, बांध आणि गिरणी. एक शब्द इकडचा तिकडे नाही. राणीचं बोलणं आलं तेव्हा तो पाठ ताठ करून, हनुवटी उचलून उभा राहिला. बाजूच्या टेबलावरची माणसं वळून पाहू लागली. डेलचा आवाज चढला होता. पुलाबद्दल बोलताना चढायचा त्याहूनही जास्त.

"मी तिथंच होतो," तो शेवटी म्हणाला. "जिन्यावर."

नॉर्बर्टने खुर्ची ओढली, बसला, आणि कानातलं यंत्र बोटाने नीट आत सारलं.

"परत सांग," तो म्हणाला. "पहिल्यापासून."