आतली कडी

कुलपाच्या दुकानात जन्म गेला की माणसाला एक खोड लागते. जग त्याला दाराच्या दोन बाजूंना वाटलेलं दिसतं. आतले सगळे आपले, बाहेरचे सगळे परके. या गोष्टीतल्या कुलूपवाल्याला ही खोड अंमळ जास्तच होती. त्याच्या घराच्या रस्त्याकडच्या दाराला इतकी कुलपं होती की पाहुणा आत येईपर्यंत चहा थंड व्हायचा. आणि आत? आत एकाही खोलीला कडी नव्हती.

त्याचं कारण घरात सगळ्यांना पाठ होतं. हा कुलूपवाला लहानपणी खेळता खेळता एका खोलीत स्वतःला कोंडून बसला, कडी अडकली आणि रडून रडून निळा पडला. दार फोडून त्याला बाहेर काढल्यावर त्याच्या वडिलांनी घरातल्या सगळ्या आतल्या कड्या उपटून भंगारात टाकल्या. 'चोर बाहेरून येतो, आतून नाही,' असं म्हातारा म्हणायचा. तेव्हापासून न्हाणीत माणूस असला की त्याने मोठ्यांदा गाणं म्हणायचं, हीच त्या घरातली कडी. गळा बेसूर असला तरी सूट नाही.

वडील लवकर गेले. धंदा शिकवला तो थोरल्या भावाने. या थोरल्याला सगळा बाजार 'सोन्याच्या हाताचा' म्हणायचा. कोणी घराबाहेर अडकलं की थोरल्याला बोलावणं यायचं. लोखंडाची पातळ पट्टी दाराच्या फटीत सरकवून तो आतली कडी अशी अलगद मागे ढकलायचा की लाकडावर नखाएवढाही ओरखडा उठू नये. पट्टीला आधी साबण चोळायचा. 'आवाज होता कामा नये. दारालासुद्धा कळता कामा नये,' असं धाकट्याला शिकवताना तो डोळा मिचकावून सांगायचा. बायको गेल्यापासून थोरला मागच्या खोलीत राहत होता. दुपारी दुकानातून घरी येऊन घटकाभर डोळा लावायचा. धाकट्याच्या लेकीचे भारी लाड करायचा.

लेक नऊ वर्षांची. अंगाने इतकी बारीक की तिला सगळे टाचणीच म्हणायचे.

त्या वर्षी टाचणीच्या शाळेत पालकसभा भरली. चौथीच्या बाईंना मुलांना एक नवा धडा शिकवायचा होता. शरीराच्या भागांची खरी नावं, कोणी कुठे हात लावायचा नाही, लावलाच तर ते कसं सांगायचं आणि कोणाला. बाईंचं बोलणं पुरतं संपायच्या आतच सभेत कुजबुज सुरू झाली. कोणी खाली मान घातली, कोणी घसा खाकरला. बोलायला मात्र कोणी उठेना, म्हणून कुलूपवाला उठला. त्याला बोलायची हौस होती.

"बाई, कुलूप बसवायच्या आधी कोणी किल्ली वाटतं का?" तो म्हणाला. "लेकरांना अजून दार कुठे आहे ते माहीत नाही, आणि तुम्ही त्यांना चोर कसला दाखवता? नासवाल पोरांना. आठवी-नववीत बघू."

सभा हसली. कुणीतरी बाकावर थाप मारली.

"चोर वय विचारून येत नाही हो," बाई म्हणाल्या. "निदान नावं तरी शिकवू द्या. सांगायची वेळ आली तर मुलांकडे शब्द तरी असावा."

"चोरांसाठी आम्ही बसलोय ना!" असं कुलूपवाला छाती ठोकून म्हणाला तेव्हा टाळ्या पडल्या. धडा बारगळला. शेजारी थोरला बसला होता. त्याने धाकट्याच्या पाठीवर तो सोन्याचा हात ठेवला.

"छान बोललास. प्रत्येक गोष्टीला वय असतं."

त्या रात्री कुलूपवाला जेवताना दोन घास जास्त जेवला. माणसाला स्वतःच्या शहाणपणाची भूक लागते ती अशी.

मग एके दिवशी शाळा सुटल्यावर टाचणी घरी न जाता दुकानात आली.

"बाबा, मला एक कडी दे ना."

"कडी? तिजोरी घेतलीस की काय?"

"माझ्या खोलीला. आतून लावायची."

कोपऱ्यात थोरला एका किल्लीला कानस घाशीत होता. कानस थांबली. क्षणभरच. मग पुन्हा खसखस सुरू झाली, पहिल्यापेक्षा जरा जोरात.

"आपल्याकडे आतून कडी नसते. का ते सांगितलंय ना तुला?" असं म्हणून बापाने निळं पडल्याची सगळी कहाणी पुन्हा ऐकवली, हातवारे करून. टाचणी हसली नाही.

"पोरगी मोठी व्हायला लागली रे," थोरला मान वर न करता म्हणाला.

नंतर ती रोजच शाळेतून दुकानात येऊ लागली. पायरीवर बसून, रस्त्याच्या गोंगाटात गृहपाठ करायची. गिऱ्हाइकांचे पाय लागायचे, धूळ उडायची, तरी हलायची नाही. कुलूपवाल्याला ते बरं दिसेना. "ऊन लागेल. जा घरी, काका आहेत ना घरी," असं म्हणून तोच तिला पिटाळायचा. जाताना ती कोपऱ्यापर्यंत मागे वळून बघायची. त्याला वाटायचं, पोरीचा बापावर जीव आहे. तो हात हलवायचा.

टाचणीची आई एका मोठ्या लाँड्रीत इस्त्रीच्या पाळीवर होती, संध्याकाळीच परतायची. तिच्या लक्षात आलं होतं.

"ती हल्ली मी आल्याशिवाय अंघोळ करत नाही," ती नवऱ्याला म्हणाली. "आणि न्हाणीत गातही नाही. मला दाराशी उभं करते. मी एकदा शाळेत जाऊन बाईंना विचारते."

"त्या बाईंना? ज्यांना मी सभेत गप्प केलं त्यांना? नाक कापशील माझं. वयच तसं असतं."

"नऊ वर्षांचं कसलं रे वय?"

यावर तो रागावला. बायको शाळेत गेली नाही. नाक शाबूत राहिलं.

पुढे एका दुपारी त्याला करवतीचं जुनं पातं हवं होतं, म्हणून तो अवेळी घरी आला. थोरला बाहेर एका गिऱ्हाइकाकडे गेला होता. घर शांत होतं. पातं टाचणीच्या खोलीतल्या फळीवर होतं. त्याने दार ढकललं.

दार उघडलं नाही.

त्या घरात आयुष्यभर एकही दार त्याला अडलं नव्हतं. त्याने पुन्हा ढकललं. आत काहीतरी खडबडलं आणि मग इतकी शांतता झाली की आत कोणीतरी श्वास धरून बसलंय हे त्याला बाहेर कळलं.

"अगं, मी आहे. बाबा."

बऱ्याच वेळाने खुर्ची सरकवल्याचा आवाज आला, मग लोखंड कुरकुरलं आणि दार बोटभर उघडलं. टाचणीचा एक डोळा दिसला. तो तिचा बाप आहे याची त्या डोळ्याने नीट खात्री करून घेतली, मग दार पुरतं उघडलं.

तिने भंगाराच्या डब्यातली एक गंजकी कडी पळवली होती. दाराला तिच्या छातीच्या उंचीवर ती वाकडीतिकडी ठोकली होती. एक स्क्रू जाड, एक बारीक, तिसऱ्या जागी चक्क खिळा. कुलूपवाल्याला आधी हसूच आलं. खोटं कशाला बोला, अभिमानही वाटला. माझीच पोरगी, असं मनात म्हणत तो काम बघायला गुडघ्यावर बसला.

तेव्हा चौकटीच्या फटीत त्याला पांढरट काहीतरी दिसलं. त्याने बोट फिरवलं. वाळलेला साबण होता. कडीच्या दांड्यावर बारीक घासलेल्या खुणा होत्या, एकीशेजारी एक, सावकाश मागे ढकलत नेलेल्या. लाकडावर मात्र एकही ओरखडा नव्हता.

इतकं सफाईदार काम बाजारात दोघांनाच येत होतं. दुसरा तो स्वतः.

 

"काका आले होते इथे?"

टाचणी जमिनीकडे बघत राहिली. मग तिने मान हलवली. हो.

"काय झालं बाळा? मला सांग."

तिने तोंड उघडलं, मिटलं. पुन्हा उघडलं. शोधूनही काही सापडेना, तशी ती रडवेली झाली.

"त्याला काय म्हणतात, मला माहीत नाही," ती म्हणाली. "बाई सांगणार होत्या. मग तू नको म्हणालास."

टाळ्या त्याला पुन्हा ऐकू आल्या. पाठीवर तो हात जिथे पडला होता तिथली कातडी सोलून काढावी असं त्याला वाटलं. चोरांसाठी आम्ही बसलोय. बसलाच होता तो, दुकानात, आणि रोज दुपारी स्वतःच्या हाताने पोरीला घरी पाठवत होता.

"तुझी काही चूक नाही," तो कसाबसा म्हणाला. "ऐकलंस? तुझी एवढीशीही नाही. आई येऊ दे, आपण तिघं बाईंकडे जाऊ. त्या सांगतील कसं सांगायचं ते. सांगून झाल्यावरही मी तुझ्याच बाजूने असेन."

तेवढ्यात रस्त्याकडच्या दारात किल्ली फिरली. एकामागून एक सगळी कुलपं उघडत गेली, जराही कुरकूर न करता. त्यांना तेल कुलूपवाला स्वतःच घालायचा.

टाचणीचा चेहरा पांढराफटक पडला.

"कडी लाव आतून," बाप उठत म्हणाला.

"ती उघडते, बाबा."

"आज नाही उघडणार. मी बाहेर उभा आहे."

त्याने बाहेर येऊन दार ओढून घेतलं आणि दाराला पाठ लावून उभा राहिला. चपला घासत पावलं आत येत होती.

"कोण आहे रे घरात?" थोरल्याचा नेहमीचा मायाळू आवाज आला. "तू? या वेळेला?"

पाठीमागे कडी लागली. आणि मग खुर्ची दाराशी ओढल्याचा आवाज आला. बाहेर बाप उभा होता, तरीही.