डाव्या बाजूचा आवाज

डॉक्टरांनी दातांचा दवाखाना बंद केल्याला आठ महिने झाले होते, आणि तेवढ्या काळात घरातली एकही वस्तू त्यांच्या तावडीतून सुटली नव्हती. इस्त्री झाली, भिंतीवरचं घड्याळ झालं, नळ झाले. चाळीस वर्षं लोकांच्या दाढा कोरलेले हात ते, मांडीवर स्वस्थ पडून राहायला तयार नव्हते. दुरुस्त केलेला पंखा उलटा फिरायला लागला तेव्हा बायको म्हणाली, "अहो, आता मला तेवढं उघडून बघू नका म्हणजे मिळवलं."

त्यामुळे सून माहेराहून एक जडशीळ पेटी छातीशी धरून धापा टाकत आली, तेव्हा सासूबाईंनी कपाळाला हात लावला.

पेटी म्हणजे जुना स्टिरिओ अ‍ॅम्प्लिफायर. बाजूंना गडद लाकूड, समोर अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा, त्यावर पाच गोल बटणं. आवाजाच्या बटणाखालचे आकडे बोटांनी घासून पुसट झालेले. सुनेच्या वडिलांनी, म्हणजे अप्पांनी, तो उमेदीच्या काळात घेतला होता. अप्पा नकाशे काढायच्या कचेरीतून निवृत्त झालेले. रेघ केसभर इकडची तिकडे होऊ देणार नाहीत असे. बारा वर्षांपूर्वी "याची डावी बाजू गेली" असं म्हणून त्यांनी हे यंत्र माळ्यावर टाकलं आणि रेकॉर्डी तेवढ्या कपाटात जपून ठेवल्या. आता माळा आवरताना पेटी भंगारवाल्याच्या वाटेला लागली होती.

"बाबा, होईल का हो नीट?" सुनेनं विचारलं. "लहानपणी रोज सकाळी मला यानंच उठवलंय. अप्पांना मात्र कळू देऊ नका. वाजला तर एकदम त्यांच्यासमोरच वाजवू."

अप्पांचं नाव निघताच डॉक्टरांचा उत्साह जरा ओसरला. व्याह्याव्याह्यांत भांडण नव्हतं, पण सूतही नव्हतं. मुलांच्या लग्नाच्या जेवणात डॉक्टर मुद्दाम त्यांच्या शेजारी जाऊन बसले होते आणि अगदी पोटातून दोन शब्द बोलले होते. हे गृहस्थ मात्र समोर बघत घास चावत राहिले. हूं नाही की चूं नाही. त्याला सहा वर्षं झाली. तेव्हापासून "बरे आहात ना", "आपण कसे आहात" एवढ्यावर दोघांचं भागत होतं. "माणूस विद्वान, पण मान भारी ताठ," असा शेरा डॉक्टरांनी मारून ठेवला होता.

पण सून लाडकी होती. आणि पेटीला मोठे मोठे आठ स्क्रू होते.

दवाखान्यातली खुर्ची विकली गेली होती, तरी वरून वाकणारा मोठा दिवा जागेवर होता. त्याखाली टेबल मांडून डॉक्टरांनी झाकण काढलं. आत बारा वर्षांची धूळ गोधडीसारखी पसरलेली. ती त्यांनी मऊ ब्रशनं झाडली, दातांचा छोटा आरसा घेऊन सर्किटच्या पट्टीखालचे सोल्डरचे टाके न्याहाळले, आणि सवयीनं पुटपुटले, "कधीपासून दुखतंय?"

वीजसामानाच्या दुकानदारानं त्यांना आधीच दम भरला होता. "डॉक्टर, इतकी वर्षं झोपलेलं यंत्र थेट विजेला लावू नका. मध्ये एक जुना बल्ब जोडा. बल्ब नुसताच ढणढणा पेटत राहिला तर आत शॉर्ट आहे. पेटून मंदावला तर समजा धुगधुगी आहे. आणि वीज साठवून ठेवणारे ते मोठे कंडेन्सर रिकामे केल्याशिवाय हात घालू नका. मेलेलं यंत्रसुद्धा चावतं!"

बल्ब ढणढणा पेटला. डॉक्टरांनी वीज काढली, दुकानदारानं शिकवल्याप्रमाणे साठलेली वीज उतरवली आणि शोध घेतला. डबीएवढ्या दोन कंडेन्सरांपैकी एकाचं डोकं टम्म फुगलं होतं. "गळू," त्यांनी निदान केलं. वय झालेले सगळेच कंडेन्सर बदलायचे ठरले, लहानमोठे मिळून अकरा. कुठला कुठे बसतो याची नोंद त्यांनी दवाखान्याच्या उरलेल्या छापील कागदावर केली. त्या कागदावर बत्तीस दातांचं चित्र होतं, त्यामुळे हिशेब सोपा झाला. वरचा उजवा दुसरा, खालचा डावा चौथा.

चार दिवस खोलीतून सोल्डरच्या धुराचा वास येत होता. पाचव्या दिवशी दुपारी वीज लावली. बल्ब मंदावतोय असं वाटलं, आणि तेवढ्यात "फाट्!" असा आवाज होऊन कागदाचा पिंजलेला चुरा डॉक्टरांच्या भुवयांवर बसला.

बायको बादली घेऊन धावत आली.

"पाणी नको! पाणी नको!" डॉक्टर दोन्ही हात पसरून पेटीच्या आडवे उभे राहिले.

"मग काय आणू?"

"काही नको. एक दात उलटा बसलाय."

खालचा डावा चौथा होता. उणे टोक अधिकच्या जागी गेलं होतं. तो बदलला, बाकीचे दहा पुन्हा तपासले. या वेळी बल्ब क्षणभर उजळला आणि निखाऱ्यासारखा मंद झाला. आतून "टक्" असा आवाज आला, आणि घरातल्या जुन्या रेकॉर्ड प्लेयरवरचं गाणं जोडलेल्या दोन्ही स्पीकरांतून असं निघालं की सून स्वयंपाकघरातून ओले हात घेऊनच आली. बटण फिरवलं की खरखर व्हायची, ती फवारा मारून साफ केली. मीटर लावून पाहिलं तर डावी आणि उजवी बाजू अगदी जुळी भावंडं.

एकच गोष्ट डॉक्टरांना खटकत होती. बिघडलेला कंडेन्सर दोन्ही बाजूंना सामाईक होता. फक्त डावी बाजू बंद पडावी असं त्यांना आत काहीच सापडलं नव्हतं.

रविवारी सकाळी अप्पांना काहीतरी निमित्त काढून बोलावलं. ते आले, कोपऱ्यातली भिंतीलगतची खुर्ची धरायला निघाले, पण सुनेनं त्यांना हाताला धरून दोन स्पीकरांच्या बरोबर समोर बसवलं आणि पेटीवरचं कापड बाजूला केलं. अप्पा पेटीकडे बघतच राहिले. सुनेनं त्यांच्या कपाटातून गुपचूप आणलेली त्यांचीच रेकॉर्ड लागली. त्यांनी डोळे मिटले, बोटं गुडघ्यावर हलायला लागली. मग डोळे उघडून ते अत्यंत अदबीनं म्हणाले, "फार सुरेख, डॉक्टरसाहेब. पण डावी बाजू अजून बंद आहे."

"बंद?" डॉक्टरांच्या बायकोला राहवलं नाही. "अहो, पडदा हलतोय त्या आवाजानं!"

डॉक्टरांनी मागून वायरी काढल्या आणि डावीची उजवीला, उजवीची डावीला लावली. "आता?"

"आताही डावीच बंद," अप्पा संकोचून म्हणाले.

डॉक्टर वाद घालणार होते, पण तोंडाशी आलेले शब्द त्यांनी गिळले. त्यांनी उभा जन्म एक प्रकार पाहिला होता. माणूस बोट ठेवतो वरच्या दाढेवर आणि कीड असते खालच्या. त्यांनी आवाज बंद केला, फिरत फिरत अप्पांच्या डाव्या खांद्यामागे गेले आणि हळूच म्हणाले, "अप्पा, कॉफी घेणार?"

अप्पा पेटीकडे बघत बसले होते.

डॉक्टर उजवीकडे आले. "कॉफी घेणार?"

"चालेल की!"

सुनेनं तोंडावर हात ठेवला. डॉक्टरांनी तिला नजरेनंच गप्प राहायला सांगितलं, "या, आतली गंमत दाखवतो" म्हणून अप्पांना दवाखान्याच्या खोलीत नेलं आणि दार लोटून घेतलं.

"अप्पा, यंत्र ठणठणीत आहे. बारा वर्षांपूर्वीही असणार, जे काही बिघडलं ते माळ्यावर पडून."

अप्पांनी चष्मा काढून पुसला. बराच वेळ पुसला. "मलाही शंका होती," ते म्हणाले. "पण कान म्हातारा झाला म्हणण्यापेक्षा यंत्र म्हातारं झालं म्हणणं सोपं. घरात कुणाला कळलं नाही. मी नेहमी भिंतीची बाजू डावीकडे घेऊन बसतो."

"लग्नात मी तुमच्या डावीकडे बसलो होतो."

"हो का? काही बोलला होतात?"

ते शब्द पुन्हा उच्चारायला डॉक्टरांना लाज वाटली. तरी त्यांनी उच्चारले. "म्हणालो होतो, आम्हाला मुलगी नाही. तुमची मुलगी तुम्ही आम्हाला दिलीत असं समजू नका, आपण वाटून घेतली असं समजा."

अप्पांनी चष्मा पुन्हा चढवला. "आणि मी घरी जाऊन सगळ्यांना सांगितलं, डॉक्टर फार गर्विष्ठ. अख्खं जेवण झालं, पण माणूस एक अक्षर बोलला नाही!"

दोघांना हसू आलं. इतकं मोठं की बाहेर बायकोला पुन्हा काही फुटलं असं वाटलं.

कानाच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं की डाव्या कानाची नस थकली आहे, पूर्ववत होणार नाही, पण कानात लावायच्या यंत्रानं बरंच ऐकू येईल. अप्पांनी ते यंत्र लावलं आणि पंधरा दिवस कुरकुर केली. भांडी किंचाळतात, वर्तमानपत्र कडकडतं, स्वतःचं चावणं ऐकू येतं. तेवढ्या दिवसांत त्यांनी एक काम मात्र केलं. दातांच्या कागदावरचा डॉक्टरांचा आराखडा त्यांना बघवला नव्हता. त्यांनी अ‍ॅम्प्लिफायरचा मोठा नकाशा काळ्या शाईत काढून आणला, एकही रेघ थरथरलेली नाही. अ‍ॅम्प्लिफायर न्यायला मात्र ते तयार झाले नाहीत. "इथेच राहू दे. मला यायला कारण हवं."

त्या दिवशी ते दोन स्पीकरांच्या समोर बसले. सुनेनं सुई ठेवली. डाव्या कानातला आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा बारीक होता, हे त्यांनी आधीच सांगून टाकलं. मग त्यांनी हात वर केला.

"थांबा. बासरी डावीकडे, खिडकीच्या बाजूला आहे. मधे गाणारी. आणि पियानो..." त्यांचं बोट हवेत सरकत सरकत दाराशी आलं. "इथे."

"दाराशी नाही," डॉक्टर म्हणाले. "कपाटाशी."

"डॉक्टर, जागा ठरवणं हे माझं काम आहे."

"आणि तो अ‍ॅम्प्लिफायर कुणी उघडलाय?"

सुनेनं सुई उचलली आणि पुन्हा पहिल्यापासून ठेवली.