डिसमिसचं दुसरं टोक

"बाबा, हा पंप जरा ऐकून बघता का?"

लेकीने पुढ्यात येऊन हे विचारलं आणि मिस्त्रींचा टॉवेल हातातच राहिला. तिने हा पंपवाला कॉम्प्युटर घरी जमवला तेव्हापासून ते याच प्रश्नाची वाट बघत होते. आणि आता तो आला तोही अशा वेळी, की आला नसता तर बरं झालं असतं.

पंपाच्या धंद्यात त्यांना सगळे कानवाले मिस्त्री म्हणत. तळघरातला पंप असो नाहीतर कारखान्यातला, मिस्त्री आधी तो उघडत नसत. शर्टाच्या खिशातून लांब दांड्याचा स्क्रू ड्रायव्हर काढत. त्याला ते जुन्या कारागिरांसारखं डिसमिस म्हणत. डिसमिसचं टोक पंपाच्या अंगाला, मूठ कानामागच्या हाडाला, आणि डोळे बंद. आजूबाजूची माणसं आपोआप गप्प होत. मग मिस्त्री डोळे उघडून दोनच शब्द बोलत. "बेअरिंग गेलंय." किंवा, "हवा धरलीय." पंप उघडला की आत तेच निघे. बाकीचे मेकॅनिक आधी उघडायचे आणि मग ऐकायचे, गिऱ्हाइकाच्या शिव्या.

पण गेलं वर्षभर ते डिसमिस म्हणजे नुसतं लोखंड झालं होतं. कानांनी एकदम दगा दिला नाही; भाडेकरू जसा एकेक सामान हलवत गुपचूप घर सोडतो, तसे आवाज निघून गेले. आधी दाराची बेल, मग नळाची धार, मग पंप. समोर बसून कुणी बोललं तर कळायचं, ओठ दिसले की निम्मं काम भागायचं. कामावर ते गिऱ्हाइकाच्या बोलण्यावरून, हाताला लागणाऱ्या उष्णतेवरून, उरलेलं अनुभवावरून निभावून नेत. डोळे मात्र पूर्वीसारखेच मिटत. घरात कुणाला पत्ता नव्हता. बायकोला लागायला हवा होता. पण लग्न झाल्यापासून प्रत्येक गोष्ट त्यांना दोनदा सांगायची तिला सवय होती, आता तिसऱ्यांदा सांगावं लागतं हे तिच्या ध्यानात आलं नाही.

"काय झालंय त्याला?" मिस्त्रींनी विचारलं.

"प्रोसेसर तापतोय." लेकीने स्क्रीनच्या कोपऱ्यातल्या लाल आकड्यावर बोट ठेवलं. "एरवी सत्तरच्या आसपास असतो. दुपारपासून पंच्याण्णववर जाऊन बसलाय. आणि तापला की अंग चोरतो. जळू नये म्हणून मुद्दाम हळू चालतो."

"शहाणा आहे."

"शहाणा आहे हो. पण त्याच्या शहाणपणाने माझं काम उद्या सकाळी पुरं होईल. द्यायचंय आज संध्याकाळी."

नोकरी सोडून स्वतःच्या हिमतीवर घेतलेलं तिचं हे पहिलं काम. एका इस्पितळाच्या दालनातल्या मोठ्या पडद्यासाठी माणसाच्या हृदयाचं हलतं चित्र. रक्त कुठून येतं, कुठे जातं, झडपा कशा मिटतात, हे नातेवाइकांना बसल्या बसल्या दिसावं म्हणून. सकाळपासून कॉम्प्युटर ते चित्र तुकड्या-तुकड्याने काढत होता.

हा कॉम्प्युटरही साधासुधा नव्हता. काचेच्या बाजूची उभी पेटी, आत पारदर्शक नळ्या आणि नळ्यांत पाणी. प्रोसेसरची उष्णता पाणी उचलायचं, रेडिएटरपाशी नेऊन टाकायचं, पंखे ती बाहेर हाकलायचे, आणि थंड झालेलं पाणी पुन्हा कामावर रुजू. हे सगळं फिरवायला साबणाच्या डबीएवढा एक पंप. तो पहिल्यांदा पाहिला तेव्हा मिस्त्री म्हणाले होते, "याला पंप म्हणतात?" खरं दुःख वेगळंच होतं. घरात अख्खा पंपवाला बाप असताना पोरीने पंप परस्पर आणला होता. तरी हार्डवेअरच्या दुकानात त्यांनी ऐटीत सांगितलं होतं, "आमच्या लेकीचा कॉम्प्युटर पाण्यावर चालतो. स्वतः बांधलाय." दुकानदार म्हणाला होता, "मग आमचा चहावर चालेल का, विचारा." मिस्त्रींनी त्याच्याकडून वॉशर घेणं महिनाभर बंद केलं होतं.

"पंखे पूर्ण वेगाने सोडलेत," लेक सांगत होती. "रेडिएटर साफ आहे. आता पंप चालू आहे की बंद, तेच कळत नाही. त्याची वायर मी सरळ विजेला दिलीय, त्यामुळे तो फिरतो की नाही हे स्क्रीनवर दिसत नाही. हात लावून समजावं तर खाली रबर आहे. आणि हे पंखे एवढे बोंबलतायत, की बाकी काही ऐकूच येत नाही."

मिस्त्री गुडघ्यांवर बसले. आधी नळ्यांना बोटं लावली. प्रोसेसरजवळची नळी गरम, रेडिएटरकडची गार. म्हणजे पाणी जागचं हलत नव्हतं. मग डिसमिस काढलं, टोक पंपावर, मूठ कानामागे, डोळे बंद.

आत शांतता होती. तशी ती वर्षभर प्रत्येक पंपात होती.

"मोटर गेली," मिस्त्री म्हणाले.

लेकीने एक सुस्कारा सोडला. "तुम्ही म्हणताय म्हणजे गेलीच." आणि तिने मोबाइल उचलला. "नवीन पंप उद्याशिवाय येणार नाही. त्यांना कळवून टाकते, आज नाही जमत म्हणून. पहिल्याच कामाला अशी बोंब."

तिने जरा शंका काढली असती तर मिस्त्री तासभर भांडले असते. तिने शंकाच काढली नाही. त्यांनी नजर चुकवायला स्क्रीनकडे पाहिलं. तिथे हृदय अर्धवट थांबलं होतं. रक्त पुढे गेलेलं, आणि ते मागे येऊ नये म्हणून दोन पाकळ्या एकमेकींकडे झुकलेल्या. मिस्त्री पुढे वाकले. या पाकळ्या त्यांनी कुठेतरी पाहिल्या होत्या.

मागे एकदा जेवताना लेकीने विचारलं होतं, बाबा, पंप बंद केला की पाइपातलं पाणी मागे का येत नाही? खाली झडप असते, ते म्हणाले होते, आणि उष्ट्या हातांनीच दोन्ही तळवे जोडून दाखवलं होतं. आधी कडा टेकतात, मग पोट. बायको ओरडली होती, आधी हात धुवा. आणि आता त्यांचेच तळवे स्क्रीनवर होते, लाल रंगात. आधी कडा टेकलेल्या, पोट टेकायचं बाकी.

"थांब. पाठवू नको."

"का?"

"मला ऐकू आलं नाही."

"पंखेच एवढे आहेत, मी म्हटलं ना—"

"पंखेपण ऐकू येत नाहीत मला."

लेकीचा अंगठा मोबाइलवर तसाच राहिला. मिस्त्रींनी एक रागाचं वाक्य तयार ठेवलं होतं, तिने कीव केलीच तर फेकायला.

"कधीपासून?"

"वर्ष झालं."

"मग मोटर गेली म्हणालात ते?"

"अंदाज. पाणी हलत नाही, एवढं बोटांनी सांगितलं. का हलत नाही, ते कानाने सांगायचं असतं."

लेकीने मोबाइल पालथा ठेवला आणि हात पुढे केला. "द्या इकडे."

"काय?"

"डिसमिस! माझे कान शाबूत आहेत ना? मी ऐकते, तुम्ही सांगा काय आहे ते."

तयार ठेवलेलं वाक्य वाया गेलं. मिस्त्रींनी डिसमिस दिलं. आजवर ते त्यांनी कुणाच्या हातात दिलं नव्हतं. एकदा बायकोने डब्याचं झाकण उचकटायला घेतलं होतं, तर दोन दिवस अबोला धरला होता.

"मूठ कानाच्या भोकावर नाही, मागे, हाडावर. दाब. आता डोळे मीट."

"डोळे कशाला?"

"मीट म्हणतो ना. काय येतंय?"

लेकीने डोळे मिटले. "काहीतरी गुरगुरतंय."

"गुरगुरतंय म्हणजे काय? कुत्रंपण गुरगुरतं. आवाज काढून दाखव."

"बाबा!"

"काढ."

तिने मान वर केली, बापाच्या तोंडासमोर तोंड आणलं आणि घशातून काढलं, "खर्र्र्र."

"मोठ्याने. नुसतं खर्र, की मधे तुटतं?"

"खर्र्र, चुक. खर्र्र, चुक चुक."

मिस्त्रींना निम्मं ऐकू आलं, निम्मं तिच्या गालांवर दिसलं. "लोखंड घासल्यासारखं, की चूळ भरल्यासारखं?"

लेकीने पुन्हा कान लावला. या खेपेला डोळे आपणहून मिटले. "चूळ. वाळू घालून चूळ भरली तर येईल तसं."

"अगं मग मोटर जिवंत आहे!" मिस्त्रींनी मांडीवर थाप मारली. "फिरतेय बिचारी. पाण्याऐवजी हवा धरलीय तोंडात. खर्र्र, चुक. असंच ना?"

"हो, खर्र्र, चुक!"

"खर्र्र—"

"काय चाललंय हे?" आई दारात उभी होती. "बापलेक दोघं एकदम कामातून गेलात?"

"आई, तू आज कॉम्प्युटरला काही केलंस?"

"मी कशाला काही करू? मी हातसुद्धा लावत नाही तुझ्या काचेच्या महालाला."

"आई."

"नुसता आडवा केला दुपारी, तू अंघोळीला गेलीस तेव्हा. खालची फरशी पुसायला. पुसून परत उभा केला, होता तसा."

"आडवा!" लेक किंचाळली.

"मग? माणूस आडवा झाला तर मरतो का?"

"आई, वरच्या टाकीत मोकळी हवा असते. आडवा केलास म्हणून ती पंपात शिरली."

"मग काढा बाहेर," आई म्हणाली. "दोघं शहाणे आहात ना?"

मिस्त्री टाकीचं झाकण उघडून पंपाला वरून पाणी पाजायला निघाले होते, आयुष्यभर पाजत आले तसं. लेकीने हात धरला. "इथे एक थेंब बाहेर सांडला तर सगळं खलास. झाकण नाही उघडायचं. टाकीत पाणी भरपूर आहे, फक्त हवेला वर यायची वाट द्यायची." झालेलं काम तिने जपून ठेवलं, कॉम्प्युटर बंद केला आणि आतली जाड वायर काढली. कागदाची एक पिन वाकवून त्या वायरीच्या तोंडात अशी बसवली, की बाकी सगळं झोपलेलं आणि एकटा पंप जागा. मिस्त्रींनी मान डोलावली. पंप एकटा चालवून बघायचा, हे त्यांनी तिला कधी शिकवलं नव्हतं.

"आता कलवा," लेक म्हणाली आणि डिसमिस कानाला लावून खाली बसली. मिस्त्रींनी एक बाजू धरली, आईने दुसरी.

"खर्र्र, चुक," लेक म्हणाली.

"पुढे कलव. अजून."

"खर्र्र. खर्र्र."

"वाढला. मागे घे. अगं, मागे म्हणजे माझ्याकडे!"

"माझ्याकडे तोंड करून बोला, मला काय ऐकू येतं तुमचं?" आई म्हणाली, आणि मग तिने त्या पेटीकडे जरा निरखून पाहिलं. "अहो, असं नाही होणार. ही तान्ही होती तेव्हा दूध पाजलं की ढेकर निघायची नाही हिची. नुसतं कलवून काय होतं? उभी धरायची आणि पाठीवर हळूच थापटायचं."

बापलेकीने एकमेकांकडे पाहिलं.

"थापट," मिस्त्री म्हणाले.

आईने तळहाताने पेटीच्या पाठीवर थापटलं. मिस्त्रींनी पेटी तिरकी धरली होती, टाकीची बाजू वर. लेक खर्र्र म्हणाली, मग नुसतंच चुक म्हणाली, मग पुन्हा चुक. टाकीत एक भला मोठा बुडबुडा वर आला आणि फुटला. पाठोपाठ बारक्यांची रांग. मिस्त्री लेकीच्या तोंडाकडे बघत होते. तिचे ओठ मिटले होते आणि गळ्याशी काहीतरी थरथरत होतं.

"काय? बोल की."

"ऊंऽऽऽ," लेक म्हणाली. डोळे अजून मिटलेले. "न तुटता. एकसारखं, ऊंऽऽऽ."

"झालं," मिस्त्री म्हणाले.

कॉम्प्युटर पुन्हा चालू झाला. आकडा पंच्याऐंशी दाखवून घसरला, मग अठ्ठ्याहत्तर, मग एकाहत्तरवर येऊन बसला आणि तिथून हलेना. पंखे शांत झाले. ते लेकीला ऐकू आलं, मिस्त्रींना काचेतून दिसलं. स्क्रीनवरच्या पाकळ्यांची पोटं एकमेकांना टेकली, उघडली, पुन्हा टेकली. काम वेळेत पुरं होणार होतं.

"अहो, आणि हे काय ऐकते मी?" आईने लेकीकडून सगळं काढून घेतलं होतं. "वर्षभर ऐकू येत नाही तुम्हाला? आणि मला वाटायचं, माझं न ऐकायची तुमची जुनीच तऱ्हा."

"तीपण होतीच," मिस्त्री म्हणाले.

आईला हसू आलं आणि ते लपवायला ती स्वयंपाकघरात गेली.

लेक हेडफोन चढवून कामाला बसली होती. डिसमिस तिने टेबलावर पेनांच्या डब्यात खोचलं होतं, दोन पेन्सिलींच्या मधे, मूठ वर. शर्टाच्या खिशाला त्याच्या वजनाने पडलेला खळगा तसाच होता. मिस्त्रींचा हात एकदा सवयीने तिथे गेला. डब्याकडे त्यांनी पाहिलं, पण हात पुढे केला नाही. ते खाली बसले आणि दोन बोटं नळीवर ठेवली, मनगट धरून नाडी बघावी तशी. आता दोन्ही नळ्या सारख्याच कोमट होत्या.

आईने आतून जेवायला हाक मारली. मग दुसऱ्यांदा मारली. तिसऱ्यांदा मारायला ती दारापर्यंत आली, तर दोघंही आपापल्या नादात. लेकीच्या कानांवर हेडफोन, आणि मिस्त्री डोळे मिटून बसलेले. ती थोडा वेळ उभी राहिली, आणि हाक न मारताच ताटं झाकून ठेवायला आत गेली.