मॅनेजरची पँट

"पकडून ठेव त्याला," डॉक्टर म्हणाले.

नत्थूने पकडलं. पण मॅनेजरने दोन्ही हातांनी पँटची कंबर अशी घट्ट धरली होती, की पँट निघाली असती तर मॅनेजरसकटच निघाली असती.

मॅनेजर म्हणजे चिंपांझी. कस्तुरचंद पार्कच्या मैदानावर खेळ करता करता एक सर्कस बुडाली. हत्ती विकले गेले, माणसं पांगली आणि मॅनेजर एका खाकी पँटीसह बागेतल्या प्राणिसंग्रहालयात दाखल झाला. सर्कशीत तो टेबलामागे बसून कागदांवर शिक्के मारायचा. असं काम अंगात मुरलं की पँट सुटत नाही. नत्थू त्याचा राखणदार. दोन वर्षांत त्याने जरीपटक्याच्या बाजारातून चार पँटी शिवून आणल्या होत्या. दुपारी दोघे पिंजऱ्यात शेजारी बसून भाकर खायचे. गप्पा नत्थूच मारायचा, पण मॅनेजर मध्ये बोलत नसे, हा त्याचा मोठा गुण.

नवे डॉक्टर मुकुंदराव धरमपेठेतून स्कूटरवर यायचे. ते म्हणाले, "पुढच्या महिन्यात मादी येतेय. जंगलात वाढलेली. या अवतारात ती याला चिंपांझी समजणार नाही."

"मंग काय समजीन?"

"तुझ्यासारखा कोणीतरी."

याचा राग मानावा की काय, हे नत्थूला ठरवता येईना.

"पन सायब, मानूस माकडापासूनच झाला म्हनते ना?"

"माकडापासून नाही. आपला आणि याचा पूर्वज एक. लाखो वर्षांपूर्वी वाटा फुटल्या. आपण इकडे आलो, हे तिकडे गेले."

"हा तं इकडं आलाच हाय. मंग त्याले वापस काहून धाडून राहिले?"

डॉक्टरांनी चष्मा पुसला. पुन्हा घातला. मग भिंतीवर चार आठवड्यांचा तक्ता चिकटवला. पहिला आठवडा पँट, दुसरा ताटली, तिसरा खाट. चौथ्यात इंग्रजीत काहीतरी लिहिलं होतं.

पँट गेली आणि मॅनेजर खाटेखाली जाऊन बसला. दोन दिवस त्याने केळ्यालाही हात लावला नाही. नत्थूच्याही घशाखाली घास उतरेना.

"तुमी काहून उपाशी?" त्याची बायको पार्वतीबाई म्हणाली. "तुमची तं कोनी पँट नाही काढली."

"मले समजूनच नाही राहिलं वं, मी त्याले सुधरवून राहिलो का बिघडवून राहिलो."

"सायबाले विचारा."

"सायबाले बी नाही समजत. पन त्यायच्यापाशी तक्ता हाय."

तिसऱ्या दिवशी मॅनेजर बाहेर आला आणि जमिनीवरचं केळं उचलून खाऊ लागला. पंधरवड्याने ताटली पुन्हा देऊन पाहिली तर तिच्यात बसला. मग पिंजऱ्यातल्या ओंडक्यावर पाला ओढून झोपू लागला. लाखो वर्षांचा हिशेब तीन आठवड्यांत उलटा फिरला म्हणून डॉक्टर खूश होते. नत्थूही खूश व्हायचा प्रयत्न करत होता.

"आता काय काढाचं राहिलं, सायब?" त्याने विचारलं. "आंगावरचे केस तं त्याचेच हाय."

"एकच गोष्ट राहिली."

"कोन्ती?"

"तू," डॉक्टर म्हणाले. मग जरा खालच्या आवाजात म्हणाले, "त्याला माणसाचा लळा राहिला तर ती त्याला जवळ करणार नाही. जन्मभर एकटा राहील बिचारा."

नत्थूने तक्त्यातल्या चौथ्या आठवड्यावर बोट ठेवलं.

"मी गेलो तं त्याचं बरं होईन ना? लिहून द्या तसं."

"शास्त्रात असं लिहून देत नाहीत रे."

दुसऱ्या दिवशी नत्थू हरणांच्या राखणीवर गेला. तिथला देवराव म्हणाला, "काय गा नत्थू, आता हरनायले धोतरं शिवतं का?" नत्थू हसला. हरणं चांगली होती, पण त्यांच्याशी बोलायला काही सुचत नसे.

मादी आली. दोन महिन्यांनी, सुट्टीच्या दिवशी, नत्थूने रांगेत उभं राहून तिकीट काढलं आणि तो पब्लिकमध्ये जाऊन उभा राहिला. ती मॅनेजरच्या पाठीतले केस विंचरल्यासारखे बाजूला करत होती. मॅनेजर डोळे मिटून बसला होता. नत्थूला हायसं वाटलं, आणि का कोण जाणे, आल्याचा पश्चात्तापही झाला.

तेवढ्यात मॅनेजरने डोळे उघडले. एकेक चेहरा बघत त्याची नजर गर्दीवरून सरकू लागली. ती आपल्यापर्यंत पोचायच्या आत नत्थूने झटकन पाठ फिरवली.

मागे गजांवर धाडधाड आवाज सुरू झाला. पब्लिकने टाळ्या वाजवल्या.

"काका," बायकोसोबत आलेला एक माणूस म्हणाला, "माकड इकडं हाय. तिकडं काहीच नाही."

"माहीत हाय मले," नत्थू म्हणाला, आणि पाणघोड्याच्या कोरड्या हौदाकडे बघत तसाच उभा राहिला.