चंपतच्या वाट्याचे टायर

खुशालच्या जीपचे टायर कधी बदलायचे, याची काळजी खुशालपेक्षा चंपतला जास्त. मी आदिलाबादला कचेरीत कारकून. भीमपूरहून रोज त्याच जीपने जायचो, म्हणून हा तमाशा मला फुकटात पाहायला मिळे.

जीपचे मागचे दोन टायर उतरले की चंपतच्या बैलगाडीला मिळायचे, असं ठरलं होतं. लाकडी चाकं काळ्या मातीत रुततात. रबरी टायरवर कापसाने भरलेली गाडीही बैल सहज ओढतात. जीपला निकामी झालेला टायर बैलगाडीला पुढे चांगला चालतो. त्यामुळे चंपत सकाळीच हजर व्हायचा आणि टायरच्या खाचेत ज्वारीचा दाणा ठेवायचा. दाणा बुडाला तर टायर चांगला, वर राहिला तर गेला, हा त्याचा नियम. दाणा बुडायचाच. तरी हा बेधडक सांगायचा, टायर गेले म्हणून. उतावळा नवरा नि गुडघ्याला बाशिंग, दुसरं काय. आम्ही सगळे हसायचो.

श्रावणात एके सकाळी त्याच्यासोबत त्याची पोरगी मनकर्णा होती. पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली. पायावरची सूज पाहून नर्सबाईंनी तिला आजच आदिलाबादच्या दवाखान्यात न्यायला सांगितलं होतं. रस्ता पावसाने ओला होता. चंपतने तिला मागच्या बाकावर बसवलं आणि सवयीने चाकाशी वाकला. पण आज खिशातून दाणा काढला नाही. त्याने हात टायरच्या आतल्या बाजूला घातला आणि चिकटलेला चिखल खरवडला. ती बाजू आम्ही कोणीच कधी पाहिली नव्हती. पुलाच्या दगडाला जीप धडकल्यापासून ते चाक तिरपं घासत होतं. बाहेरून खाचा शाबूत, आतून रबर गुळगुळीत, आणि कडेला आतले धागे उघडे पडलेले.

चंपतने पोरीला खाली उतरवलं आणि म्हणाला, टायर गेला. जीपभर हशा पिकला. खुशालने गाडी सुरू केली. चंपत गाडीपुढे उभा राहिला. आतून पाहा म्हणून विनवू लागला. खुशाल वैतागला, काकांचं रोजचंच आहे म्हणाला. मागून कोणीतरी बोललं, पोरगी अडलेली अन् याले टायर सुचून राह्यले. मलाही चंपतचा संताप आला. चंपतचं तोंड एवढंसं झालं. मग तो खुशालकडे पाहत म्हणाला,

"हे टायर मले नोको. दोनी नोको. कोणालेबी दे, नाही तं जाळून टाक. पण हा काढ. माही पोरगी जाऊन राह्यली याच्यावर."

कोणी हसलं नाही. खुशालने गाडी बंद केली, खाली उतरला आणि चाकाच्या आत हात घातला. बोटांना धागे लागले. त्याने जॅक काढला, स्टेपनी लावली. आज आदिलाबादला दोन्ही टायर नवे घालूनच परत फिरतो, असं त्याने कोणी न विचारताच सांगितलं.

काढलेला टायर त्याने चंपतकडे ढकलला. चंपत तेव्हा मनकर्णाचा हात धरून तिला गाडीत चढवत होता. टायर त्याच्या पायाजवळून गडगडत गेला आणि नालीत पडला. चंपतने वळूनही पाहिलं नाही.